फिरंगाण कसे वसले

प्रस्तावना

वसईचा इतिहास आपण मराठी माणसे शेवटापासून वाचतो. चिमाजी अप्पांची मोहीम, तारापूरच्या तटावर पडलेले बाजी भीवराव, सेबास्तियांव बुरुजाखाली उडालेले सुरुंग, 1739 च्या मे महिन्यात उतरलेले निशाण आणि नाशिकला नारोशंकराच्या देवळात जाऊन टांगलेली ती घंटा, एवढे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. य. न. केळकरांच्या ‘वसईची मोहीम’ने या अध्यायाचा तपशील मराठी वाचकाच्या हाती दिला, त्यालाही आता बरीच दशके उलटली. पण वसई जिंकायला दोन वर्षे लागली आणि हजारो माणसे खर्ची पडली, ती मुळात परक्यांच्या हाती गेली कशी? गेली ती दोनशे वर्षांहून अधिक काळ त्यांच्याकडे राहिली कशी? या प्रश्नांची उत्तरे मराठीत सुटी सुटी, तळटीपांत आणि परिशिष्टांत विखुरलेली आहेत. ती एका जागी आणावीत, आणि सुरुवातीपासून आणावीत, यासाठी हे पुस्तक लिहिले.

पुस्तकाचा प्रदेश दमणपासून खाली करंजाबेटापर्यंतचा. पोर्तुगीज त्याला आपला ‘उत्तरेकडील प्रांत’ म्हणत आणि चौलही त्यातच धरत. आपले लोक त्याला फिरंगाण म्हणत. नकाशावर पाहिले तर ही एक अरुंद पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जव्हार-रामनगरचे डोंगर आणि साग-खैराचे जंगल, मधे वैतरणा, तानसा, उल्हास यांच्या खाड्यांनी कापलेली भातखाचरे, मिठागरे आणि वाड्या. पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद. घोडदळाला दर दोन कोसांवर खाडी आडवी. अशा मुलखात सैन्य घेऊन येणे एकवेळ सोपे, राहणे अवघड.

म्हणूनच तो कुणा एकाचा फार काळ नव्हता. ‘महिकावतीची बखर’ वाचली की हे ध्यानात येते. राजवाड्यांनी 1924 साली ती छापली नसती, तर उत्तर कोकणाच्या पोर्तुगीजपूर्व काळाबद्दल आपण बरेच अंधारात राहिलो असतो. बिंबांच्या परंपरेतले राजे, मग दिल्लीचा अंमल, मग गुजरातचे सुलतान. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने माहीम आणि साष्टी घेतली, गुजरातच्या सुलतानाने ती परत मिळवली. वरची सत्ता बदलत राहिली. गावाची शीव, शेताचा मालक, खंडाचा दर आणि तो गोळा करणारा माणूस मात्र सहसा जागचा हलला नाही. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना मिळाला तो असा मुलूख: दरबार दूर, आणि गावगाडा पक्का. पुढचे सगळे यावरून उलगडते, असे माझे मत आहे, आणि पुस्तकभर मी तेच मांडले आहे.

पोर्तुगीजांना वसई मुळात नको होती, त्यांना दीव हवे होते. गुजरातचा तांबड्या समुद्राशी चालणारा व्यापार दीवच्या बंदरातून जाई. तो आपल्या हातात आला की अरबी समुद्र आपला, हा त्यांचा हिशेब सरळ होता. 1508 मध्ये चौलच्या खाडीत त्यांचा पराभव झाला आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवसमोर त्यांनी त्याची भरपाई केली. 1510 मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला, गमावला आणि 25 नोव्हेंबरला पुन्हा घेतला. 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने चौलला म्हणजे आजच्या रेवदंड्याला कोट उभा राहिला. दीव मात्र हाती लागेना. 1531 मध्ये गव्हर्नर नूनो द कुन्या मोठे आरमार घेऊन गेला आणि रिकाम्या हाताने परतला.

मग त्याने किनारा जाळायला सुरुवात केली. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण सौम्य शब्द वापरून उपयोग नाही. सुरत, रांदेर, ठाणे, वांद्रे आणि या पट्ट्यातली लहानमोठी बंदरे त्या काही वर्षांत लुटली गेली, पेटवली गेली. जो व्यापार आपल्या परवान्याने चालणार नाही तो चालूच द्यायचा नाही, हे त्यामागचे धोरण होते. 1533 च्या जानेवारीत वसईची नवी तटबंदी पाडली गेली. ती गुजरातचा सरदार मलिक तोकान याने बांधून घेतली होती.

तरीही वसई लढाईने मिळाली असे म्हणता येत नाही. ती तहाने मिळाली, आणि तह करणाऱ्याची मान त्या वेळी दुसऱ्याच फासात अडकली होती. गुजरातचा सुलतान बहादुरशहा चितोडच्या मोहिमेत गुंतला होता आणि हुमायून त्याच्यावर चालून येत होता. दोन आघाड्यांपैकी एक तरी मिटवावी म्हणून त्याने 23 डिसेंबर 1534 रोजी पोर्तुगीजांशी करार केला. वसई, तिच्या अंमलाखालची जमीन, बेटे आणि समुद्र कायमचा पोर्तुगालच्या राजाकडे गेला. मुंबईची बेटेही त्यातच गेली, त्यांचा वेगळा उल्लेख करावा इतके महत्त्व तेव्हा त्यांना नव्हते. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईला येऊन परवाना घ्यावा आणि परतताना तिथेच जकात भरावी, सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत, तुर्कांना आसरा देऊ नये, अशी इतर कलमे होती.

वर्षभरात हुमायूनने गुजरात पादाक्रांत केला, तेव्हा बहादुरशहाने दीवलाही कोट बांधू दिला. हुमायून परतल्यावर आपण काय देऊन बसलो हे त्याच्या लक्षात आले. 1537 च्या फेब्रुवारीत तो दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मारला गेला. पुढच्या वर्षी तुर्कांचा सुलेमान पाशा दीव घ्यायला आला आणि अपयशी होऊन गेला. 1546 चा दुसरा वेढाही फसला. दीव टिकले, म्हणून वसई टिकली.

इथपर्यंतची हकिकत तोफा, आरमार आणि तह यांची आहे. ती बहुतेक पुस्तकांत सापडते, म्हणून मी ती पहिल्या दोनच प्रकरणांत संपवली आहे. पुस्तकाचा मोठा भाग त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांवर खर्च केला आहे, कारण मुलूख मिळाला 1534 मध्ये, पण राज्य बसले ते त्या वर्षांत.

त्याची सर्वांत चांगली साक्ष म्हणजे 1554 साली सिमांव बोतेल्यो याने तयार केलेली नोंदवही. बोतेल्यो हा वसुली खात्याचा वरचा अधिकारी होता. पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या ठाण्यांचे उत्पन्न, खर्च आणि देणी त्याने एका जागी लिहून काढली. त्यातला वसईचा भाग वाचताना मराठी वाचकाला ओळखीच्या घरात शिरल्यासारखे वाटते. कसबा आहे, परगणे आहेत, मांडवीची जकात आहे. भाताचा वसूल मुड्यांत लिहिला आहे. माडांवरचा कर, दारूचा मक्ता, मासेमारीवरची पट्टी आहे. सुलतानाच्या वेळी जे ज्या नावाने वसूल होत होते, ते बरेचसे त्याच नावाने पुढे चालू आहे. फक्त ते जमा होते त्या खजिन्याचे नाव बदलले आहे.

गोव्यातही त्यांनी हेच केले होते. 1526 मध्ये आफोन्सो मेशियाने गावकऱ्यांचे हक्क आणि रिवाज विचारून, लिहून घेऊन त्यांवर सरकारी शिक्का उठवला. गावकऱ्यांना आपले जुने हक्क कागदावर मिळाले म्हणून समाधान, आणि सरकारला वसुलीची हमी. पण ते हक्क आता सरकारने मान्य केले म्हणून हक्क होते, ही मेख त्या शिक्क्यात होती. पुढे ज्याने मान्य केले त्यानेच ते काढूनही घेतले.

वसईत मात्र ते गोव्यापेक्षा एक पाऊल पुढे गेले. गावे त्यांनी थेट गावकऱ्यांकडे ठेवली नाहीत. ती आपल्या लोकांना खंडाने लावून दिली. जुन्या युद्धात लढलेला सरदार, दीवच्या वेढ्यात पाय गमावलेला शिपाई, मेलेल्या अधिकाऱ्याची विधवा, राजाला ज्याचे काही देणे लागत होते असा कुणीही, त्याला पगार देण्याऐवजी एक गाव द्यायचे. सरकारात ठरावीक वार्षिक खंड भरायचा, वरचे उत्पन्न त्याचे. पट्टा बहुधा तीन पिढ्यांचा. अट एवढीच की त्याने घोडा बाळगावा, बंदूकधारी माणसे ठेवावीत आणि हाक आली की हजर व्हावे.

या व्यवस्थेचे मर्म नीट समजून घ्यायला हवे. लिस्बनहून दर साल जेमतेम चारपाच जहाजे येत. त्यांतून येणाऱ्यांपैकी बरीच माणसे वाटेतच मरत. एवढ्या तुटपुंज्या बळावर दमणपासून करंजापर्यंत फौज ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी फौजेचा खर्च गावांवर टाकला आणि संरक्षणाची गरज गाव खाणाऱ्याच्या पोटाशी बांधली. ज्याचे भात त्या खाचरात पिकते, तो ते खाचर सोडून पळणार नाही, हा त्यांचा हिशेब. शंभर वर्षे तो चुकला नाही. पुढे हीच पद्धत त्यांनी आफ्रिकेत झांबेझीच्या खोऱ्यातही वापरली.

मुंबईचे बेट असेच एकाकडे खंडाने होते. तो म्हणजे गार्सिया द ओर्ता. गोव्यातला नामांकित वैद्य, इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबईतल्या आपल्या वाडीत वर्षातून दोनदा फळणारा आंबा आहे, असे त्याने त्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. बेटाच्या या पट्टेदाराला जमिनीत रस होता तो असा. तो जन्माने ज्यू कुळातला, नावाने ख्रिस्ती. 1568 मध्ये तो वारला. 1580 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून काढली आणि जाळली. ज्या राज्याने त्याला एक बेट दिले त्याच राज्याने त्याला थडग्यातही राहू दिले नाही. फिरंगाणाचा स्वभाव एका माणसाच्या आयुष्यात पाहायचा असेल तर तो इथे दिसतो.

पट्ट्याचा वारसा मुलीकडेही जाई. त्यामुळे या प्रांतात जमिनीवर बायकांचा ताबा बराच असे. गाव मिळावे म्हणून पोर्तुगीज तरुण वसईच्या वारसदार मुलींशी लग्ने करत. मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले तो 1665 चा फेब्रुवारी. तिथली जमीनदारीण तेव्हा दोना इग्नेस द मिरांडा नावाची विधवा होती आणि हस्तांतराचा दस्तऐवज तिच्याच वाड्यात लिहिला गेला. एका राजाने आपल्या बहिणीच्या लग्नात दुसऱ्या राजाला आंदण दिलेले बेट प्रत्यक्षात एका बाईच्या घरी बसून सुपूर्त करावे लागले, कारण कागदोपत्री जमीन तिची होती.

या पट्टेदारांच्या खाली कोण होते? कुणबी, आगरी, कोळी, भंडारी, वारली, सामवेदी, वाडवळ, पाठारे. शेत तेच कसत होते, माड तेच चढत होते, मासे तेच धरत होते. त्यांच्या बाबतीत पोर्तुगीज कागद फार कमी बोलतात. वसूल किती, हे लिहिले आहे. तो देताना घरात काय उरले, हे लिहिलेले नाही. या पुस्तकाची ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती साधनांतून आली आहे. गावोगावच्या चालीरीती, लग्नातली गाणी, वाडवळी आणि कादोडी बोलीतल्या आठवणी यांतून ती थोडी भरून काढण्याचा प्रयत्न चौथ्या प्रकरणात केला आहे.

धर्माचा प्रश्न या साऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. सुरुवातीच्या तहांत मशिदींचे चालू उत्पन्न तसेच चालू ठेवावे, असे ठरले होते. पुढच्या दहा-बारा वर्षांतच तो पैसा ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवला गेला. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो द पोर्तो याने साष्टीत देवळे पाडली, चर्च उभारले आणि बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांचे चर्चमध्ये रूपांतर केले. आज तिथे गेलात तर तिन्ही काळ एकाच ठिकाणी दिसतात. खाली खडकात कोरलेले शिवाचे लेणे, त्यातला नटराज. बाजूच्या भिंतीवर जुन्या मूर्ती तासून त्यांच्या जागी कोरलेला क्रूस. वर टेकडीवर पोर्तुगीज इमारतीच्या उघड्या भिंती. मूर्ती तासणाऱ्या छिन्नीचे घाव बोटांना अजून लागतात.

पण सगळे बाटवाबाटवीचेच होते असे समजले तर वसईचा ख्रिस्ती समाज कळणार नाही. अनाथ पोरांना सक्तीने ख्रिस्ती करण्याचा 1559 चा हुकूम होता, हे खरे. सणवारांवर आणि देवळांवर बंदी होती, हेही खरे. त्याचबरोबर ख्रिस्ती झालेल्याला खंडात सवलत, नोकरीत जागा आणि पट्टेदाराच्या जुलमाविरुद्ध पाद्र्याचा आधार मिळे. काहींनी भीतीने, काहींनी लोभाने, काहींनी श्रद्धेने आणि अनेकांनी आपल्या जातीने निर्णय घेतला म्हणून धर्म बदलला. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानला गेला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला. त्याच्या श्रद्धेवर शंका घेण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. मराठे आल्यावर आणि पोर्तुगीज गेल्यावरही हा समाज इथेच राहिला, आपल्या जातीच्या नावांसह, नऊवारीसह आणि बोलीसह. परक्या राज्याने आणलेला धर्म त्या राज्यानंतरही टिकतो, तेव्हा तो परका उरलेला नसतो.

समुद्रावरचे राज्य परवान्याचे होते. परवान्याला पोर्तुगीज कार्ताझ म्हणत. जहाज कुणाचे, तांडेल कोण, माल काय, कुठे जाणार, शस्त्रे किती, हे त्यावर लिहिलेले असे. परवाना नसलेले जहाज धरले जाई. अकबराने 1573 मध्ये गुजरात जिंकला. त्यानंतर त्याच्या घरातल्या बायका, त्याची आत्या गुलबदन बेगम हिच्यासह, हजला निघाल्या, तेव्हा त्यांनाही सुरतेत पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी थांबावे लागले. जमिनीवर ज्याच्यापुढे उभे राहण्याची पोर्तुगीजांची ताकद नव्हती, त्या बादशहाला समुद्रावर त्यांची परवानगी लागत होती. किनाऱ्यावरची त्यांची ठाणी मोगलांच्या शेजारी टिकली त्यामागे हे मोठे कारण आहे. दमणवर मोगलांनी हल्ले केले, 1638 मध्ये शहजादा औरंगजेबाच्या फौजेने वेढाही घातला, पण सुरतेची जहाजे अडकतील या धास्तीने गोष्ट दर वेळी तडजोडीवर आली.

आता या राज्याच्या जमिनीकडच्या कडेविषयी. या पुस्तकात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग हा.

1556 मध्ये पोर्तुगीजांनी अशेरीचा डोंगर आणि मनोर घेतले. अशेरी हवा होता तो जंगलासाठी, वसईच्या गोदीत लागणाऱ्या सागासाठी. 2 फेब्रुवारी 1559 रोजी व्हाइसरॉय कोन्स्तांतिनो द ब्रागांसा याने हबशी सरदाराकडून दमण घेतले. दमणबरोबर गावे आली, आणि गावांबरोबर एक जुने देणे आले. डोंगरातला रामनगरचा राजा या गावांच्या वसुलातून दर साल आपला हिस्सा घेत असे. तो त्याने घ्यावा, आणि त्याबदल्यात आपल्या माणसांना गावांवर दरोडे घालू देऊ नयेत, पळून आलेल्या गुन्हेगारांना आसरा देऊ नये, असा रिवाज होता. हिस्सा चौथाईचा म्हणवला जाई. प्रत्यक्षात तो गावागणिक कमीजास्त असे. त्यावरून पोर्तुगीज त्या राजालाच चौथिया म्हणू लागले.

पोर्तुगीजांनी हे देणे चालू ठेवले. ज्यांनी दीवसमोर तुर्की आरमार परतवले, ते दमणच्या मागल्या दाराशी एका डोंगरी राजाला दर साल चौथाई मोजत होते. यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि वाटून चालणारही नव्हते. डोंगरात शिरून त्याला नमवण्याइतकी माणसे त्यांच्याकडे नव्हती, आणि भात मात्र दर वर्षी कापायचे होते.

1672 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतले. रामनगरचे राज्य आपल्याकडे आले म्हणजे त्याचा चौथाईचा हक्कही आपल्याकडे आला, असे म्हणून शिवाजी महाराजांनी दमणच्या पोर्तुगीजांकडे ती मागितली. पीतांबर शेणवी वकील म्हणून गेले, पत्रे झाली, पोर्तुगीजांनी चालढकल केली. पुढे मराठ्यांनी साऱ्या हिंदुस्थानात गाजवलेल्या चौथाईला या किनाऱ्यावर जुना दाखला होता, हे सुरेंद्रनाथ सेन यांनी दाखवून दिले. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. महाराजांनी पोर्तुगीजांचेच शस्त्र त्यांच्यावर चालवले. सुलतानाचा हक्क घेऊन जे वसईत बसले होते, त्यांच्यापुढे चौथियाचा हक्क घेऊन मराठे उभे राहिले. या मुलखात राज्य करणे म्हणजे कुणाचा तरी जुना हक्क आपल्या नावावर चढवणे, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

हे राज्य पुढे ढासळले कसे, तो इतिहास शेवटच्या प्रकरणात थोडक्यात दिला आहे. पट्टेदार गावे सोडून वसईच्या कोटात राहायला आले. घोडे कागदावर उरले. बरीच गावे मठांकडे आणि जेझुइटांकडे गेली, आणि मठ काही बंदूक घेऊन हाकेला येत नाही. 1665 मध्ये मुंबई गेली. ती देताना व्हाइसरॉय आंतोनियो द मेलु द कास्त्रो याने लिस्बनला कळकळीने विरोध कळवला होता, आणि तो बरोबर होता. 1674 मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईच्या तटाबाहेर येऊन चर्च लुटली आणि कोटातल्या लोकांनी दारे उघडली नाहीत. धर्माचा जाच वाढत गेला, तेव्हा मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे गेले. 1737 मध्ये मराठे साष्टीत उतरले तेव्हा ठाण्याचा नवा कोट अजून अर्धवटच होता. गावांच्या सहकार्यावर जे राज्य बसले होते, त्या गावांनीच त्याचा हात सोडला. चिमाजी अप्पांच्या पराक्रमाला यामुळे जराही कमीपणा येत नाही. इतके सगळे अनुकूल असूनही वसईचा तट फोडायला किती रक्त सांडावे लागले, ते सर्वांना माहीत आहे.

आणि पोर्तुगीजांप्रमाणेच, मराठ्यांनी वसई घेतल्यावर सरसुभेदार शंकराजी केशव यांच्यापुढेही पहिला प्रश्न वसुलाचाच होता, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.

साधनांबद्दल थोडे. पोर्तुगीज बाजूसाठी गोव्याच्या पुराभिलेखातल्या कागदांवर पांडुरंग पिसुर्लेकरांनी जन्मभर जे काम केले, त्याचा आधार पावलोपावली घेतला आहे. जेर्सन द कुन्या यांचे चौल-वसईवरचे 1876 चे पुस्तक आज जुने झाले असले तरी तिथल्या शिलालेखांसाठी त्याला पर्याय नाही. त्यांनी नोंदवलेले काही दगड आता जागेवर नाहीत. तारखांच्या बाबतीत वाचकाने सावध राहावे. पोर्तुगीजांनी सुधारलेले पंचांग सोळाव्या शतकातच स्वीकारले, इंग्रज 1752 पर्यंत जुन्यालाच धरून होते. त्यामुळे वसई कुठे 5 मे 1739 ला पडली असे वाचायला मिळते, कुठे 16 मेला. दिवस एकच आहे. पंचांग सुधारल्यानंतरच्या घटनांना मी नवी तारीख दिली आहे, त्याआधीच्या तारखा जुन्याच ठेवल्या आहेत.

माझी भूमिका एका वाक्यात सांगायची तर पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर केलेला जुलूम मी झाकलेला नाही, आणि त्यांची कारभारातली हुशारीही नाकारलेली नाही. दोन्ही एकाच राज्याच्या अंगी होती. जुलूम तेवढा सांगितला तर ते दोनशे वर्षे कसे टिकले हे कळत नाही, आणि हुशारी तेवढी सांगितली तर ते का गेले हे कळत नाही.

शेवटी वसई, पालघर, उत्तन, मनोरी, उरण या भागांतल्या वाचकांना एक विनंती. बोतेल्योच्या वहीतले वसुलाचे आकडे लिस्बनमध्ये नीट जपून ठेवलेले आहेत. तुमच्या आजोबा-पणजोबांचे खंडाचे दाखले, वाडीचे जुने खरेदीखत, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींचे उतारे, देवस्थानाच्या इनामाची सनद, मोडी लिपीतला एखादा कागद हे मात्र पेटीत वाळवी खाते आहे, किंवा घर पाडताना डंपरमध्ये जाते आहे. असे काही घरात असेल तर ते टाकू नका. आधी त्याचा फोटो काढून ठेवा, मग जवळच्या इतिहास मंडळाला किंवा पुराभिलेखाच्या कार्यालयाला दाखवा. शेत कसणाऱ्यांची बाजू सांगणारी साधने आता फक्त तुमच्याच घरांत उरली आहेत.